हायब्रिड सुपरकार की जुन्या वळणाची पेट्रोल स्पोर्ट्स कार? बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींनी बोलावं

उद्यमबागी (धागाकर्ता)

भाचा बेंगळुरात असतो, मी इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या ढकलण्यानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) मशीनिंग करून पोट भरतो. दोघांनाही गाड्यांचं वेड आणि दोघांच्याही खिशात त्यातल्या एका गाडीच्या टायरचे पैसे नाहीत. त्यामुळे ‘घेताय कधी?’ विचारून कुणी लाजवू नये.

वाद असा. त्याच्या मते आजच्या घडीला गाडी म्हणजे फेरारी २९६ जीटीबी. माझ्या मते पोर्शे ९११ जीटी३, तीही हाताच्या गिअरची. २९६ मध्ये २९९२ सीसीचा व्ही६ आणि दोन टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), त्यातून ६६३ पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर). इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये इलेक्ट्रिक मोटर बसवलीय, तिचे १६७. एकूण ८३०. शून्य ते शंभर २.९ सेकंद. जीटी३ मध्ये ना टर्बो, ना मोटर. चार लिटरचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, ५१० पीएस, आणि काटा जातो ९००० आरपीएमपर्यंत. मॅन्युअलमध्ये शून्य ते शंभरला ३.९ सेकंद.

भाचा म्हणतो, ‘मामा, एक सेकंदाचा फरक आहे, विषय संपला.’ विषय संपत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या ९००० पुढं काही दिसत नाही. ९००० म्हणजे क्रँक सेकंदाला १५० वेळा फिरतो. जीटी३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८१.५ मिमी, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर. आम्ही जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ग्राइंड करताना मायक्रॉन-मायक्रॉनसाठी भांडतो ते ट्रक-ट्रॅक्टरच्या क्रँकसाठी, जो उभ्या आयुष्यात तीन हजारांच्या वर फिरत नाही. आडव्या सहा सिलिंडरमध्ये समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा धक्का खातात, म्हणून बॅलन्सर शाफ्टही लागत नाही. हे असलं काम आता मोटर लावून झाकायचं?

जाणकारांनी बोलावं. मायलेजवर कृपया कुणी येऊ नये, त्यासाठी घरात मारुती आहे.

शहापूरचा_कुंदा

पहिला! पॉपकॉर्नऐवजी कुंदा घेऊन बसलोय, चालू द्या.

मच्छेकर

मूळ गाव मच्छे, सध्या चाकणला बॅटरी पॅकच्या कामात आहे. त्यामुळे भाच्याच्या बाजूने बोलणं भाग आहे, पण थोडं वेगळ्या कारणाने.

मामा, मोटर काही झाकायला लावलेली नाही. टर्बो इंजिनाची जुनी खोड तुम्हाला माहीत आहे. एक्झॉस्टचा झोत वाढेपर्यंत टर्बो फिरत नाही आणि तो फिरेपर्यंत इंजिनात दम नसतो. टर्बो मोठा बसवला तर वरची ताकद भरपूर, पण खालचा खड्डा आणखी खोल. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, तेवढाच खड्डा ती बुजवते. एकदा मोटर आहे म्हटल्यावर इंजिनवाल्याला मोकळं रान मिळतं: खालच्या आरपीएमची चिंता सोडून मोठे टर्बो, वरची ताकद, सगळं करता येतं. २९६ ला लिटरमागे २२१ पीएस निघतात ते यातूनच.

आणि तो व्ही६ ही काही साधा नाही. दोन्ही बाजूंमध्ये १२० अंशांचा कोन, टर्बो त्या कोनाच्या मध्ये. १२० अंशांमुळे समोरासमोरच्या दोन पिस्टनना एकच क्रँकपिन पुरते आणि तरीही ठिणग्या समान अंतराने पडतात. फेरारीवाले आपसात त्याला ‘छोटा व्ही१२’ म्हणतात, आवाजावरून. क्रँकवाल्या माणसाने यावर तरी टोपी काढावी.

तवंदीघाट

मच्छेकर भावा, इस्कटून सांगितलंस पण आमच्यासारख्याला एका वाक्यात सांगायचं तर: सीझनला दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर चढाला अडला की पुढं दुसरा ट्रॅक्टर लावतात, चढ संपला की सोडतात. मोटर म्हंजे तो दुसरा ट्रॅक्टर. बरोबर का?

आमचं हॉटेल हायवेला आहे. मुंबई-पुण्याच्या ह्या गाड्या गोव्याला जाताना इथं चहाला थांबतात. दोन्ही जातीच्या बघितल्यात. लांबडी पिवळी (लॅम्बॉर्गिनी हुराकान होती, विनाटर्बो व्ही१०) सुरू झाली तेव्हा आतल्या खोलीतलं आमचं म्हातारं बाहेर आलं. दुसऱ्या खेपेला एक मॅकलारेन आर्टुरा आली, ती सुरू झाली कधी, गेली कधी, पोरांना मोबाईल काढायला वेळच मिळाला नाही. गप्पगार निघाली. पोरं हिरमुसली बघा.

मच्छेकर

तवंदीघाट, ट्रॅक्टर बरोबर. फक्त सोडल्यावर तो परत जात नाही, ट्रॉलीत बसून तुमच्याबरोबरच येतो. त्याचं वजन हाच सगळा वाद आहे.

आर्टुरा गप्पगार निघते कारण ती बॅटरीवरच सुरू होते. ७.४ किलोवॅट-अवरची (म्हणजे युनिटची) बॅटरी, नुसत्या विजेवर तीसेक किलोमीटर कागदावर. गंमत म्हणजे तिच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मागं जायचं तर मोटर उलटी फिरवतात. रिव्हर्सची चाकं वाचली, तेवढं वजन वाचलं.

जांबोटी_जंगल

मी चोर्ला घाटातनं गोव्याची भाडी मारतो. आवाज नाही म्हणून कौतुक करणाऱ्यांनी एकदा कणकुंबीच्या अलीकडं संध्याकाळी यावं. म्हशी रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात आणि त्या कानानंच बाजूला होतात, डोळ्यानं नाही. आणि चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतोय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं ८३० काय आणि ५१० काय, दोन्ही गाड्या पोट घासत दुसऱ्या गिअरात जाणार.

फिजिक्सबाई

टिळकवाडीत अकरावी-बारावीला शिकवते. चोर्ला निघालाच आहे तर एक गणित घालते, यातून हायब्रिडचं खरं बळ आणि खरी मर्यादा दोन्ही कळतात.

गाडी माणसासकट १६०० किलो धरा. ताशी १०० च्या वेगाला तिच्यात गतीची ऊर्जा साधारण ६१७ किलोज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे शंभरावरून पूर्ण थांबलात आणि एक थेंबही वाया जाऊ दिला नाही, तरी जमा होतात ०.१७ युनिट. आपल्या हेस्कॉमच्या मीटरवर दिसणारही नाही इतकं. जीटी३ मध्ये हेच ०.१७ युनिट ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातं.

आता घाट घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. चोर्ला उतरून साखळीकडे जाताना ७०० मीटर उतरलात असं धरा. तेवढ्या उतारात साडेदहा-अकरा हजार किलोज्यूल सुटतात, म्हणजे तीन युनिट. टायरचं घर्षण, हवा, मोटरमधलं नुकसान जाऊन दोन युनिट जरी हाती लागले, तरी २९६ ची ७.४५ युनिटची बॅटरी पाव भरली. लॅम्बॉर्गिनी रेव्हुएल्टोची बॅटरी फक्त ३.८ ची आहे, तिची निम्मी भरली. पेट्रोल गाडी तोच घाट उतरून खाली पोचते तेव्हा तिच्या हाती गरम डिस्कशिवाय काही नसतं.

उलट बाजूही बघा. २९६ ची मोटर १२२ किलोवॅटची, बॅटरी ७.४५ ची. पूर्ण जोर लावला तर हिशोबाने चार मिनिटांच्या आत बॅटरी रिकामी. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण सॉफ्टवेअर जपून वाटून देतं, ब्रेकमधून परत घेतं, इंजिनाकडूनही भरून घेतं. पण तुमचे ‘८३०’ हे सतत हातात असलेले ८३० नव्हेत, त्यातले १६७ उसनवारीचे आहेत.

उद्यमबागी (धागाकर्ता)

बाई, दंडवत. ‘उसनवारीचे १६७’ भाच्याला पाठवलं. त्याने तोंड वाकडं केल्याचं चित्र परत पाठवलंय.

मच्छेकर, १२० अंशांची एकच पिन, त्यासाठी टोपी काढली. पण वजनाचं बोला. फेरारी १४७० किलो सांगते.

अनगोळ_९०००

ते १४७० ‘कोरडं’ वजन आहे मामा. तेल, पेट्रोल, पाणी काही न धरता, तेही हलक्या सीटा वगैरे ऑप्शन घेऊन. पोर्शे सगळं भरून सांगते, जीटी३ मॅन्युअल साधारण १४२०. कागद वाचताना हे दोन आकडे शेजारी ठेवू नका, फसाल. प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे किलोंचा फरक पडतो, दोन माणसं कायमची मागं बसवल्यासारखा.

आता माझी बाजू. ‘हायब्रिड म्हणजे वेगवान’ हे सगळेच गृहीत धरून चाललेत. २०२५ मध्ये शेवर्लेने जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग रेस ट्रॅकवर एकाच पिढीच्या कॉर्व्हेट पळवल्या. झेडआर१: साडेपाच लिटरचा व्ही८, दोन टर्बो, मागच्या चाकांना ताकद, १०६४ हॉर्सपॉवर. झेडआर१एक्स: तेच इंजिन, पुढच्या चाकांना मोटर जोडलेली, १२५०. म्हणजे १८६ घोडे जास्त, वर चारी चाकांची पकड. वेळा: पेट्रोल ६ मिनिटं ५०.७६३ सेकंद. हायब्रिड ६ मिनिटं ४९.२७५.

जवळजवळ २१ किलोमीटरच्या फेरीत दीड सेकंद. चालवणारे वेगळे, दिवसाची हवा वेगळी, त्यामुळे यावर कुणी पोथी लिहू नये. पण १८६ घोड्यांनी दीडच सेकंद दिला तर बाकीचे घोडे वजन ओढण्यात गेले असं मी म्हणणार.

मच्छेकर

अनगोळ, आकडे बरोबर, पण निवड सोयीची आहे. आता माझी सोयीची निवड घ्या.

मामांच्या लाडक्या ९११ मध्येच २०२४ ला पोर्शेने हायब्रिड आणली. करेरा जीटीएस, तिला टी-हायब्रिड म्हणतात. ३.६ लिटरचं नवं इंजिन, एकच टर्बो, पण त्या टर्बोच्या दांड्यावरच एक छोटी मोटर बसवलीय, त्यामुळे एक्झॉस्टची वाट न बघता टर्बो फिरतो. दुसरी मोटर गिअरबॉक्सात. बॅटरी फक्त १.९ युनिटची. प्लग नाही, चार्जिंग नाही. विजेवर चालते का? नाही, तो उद्देशच नाही. एकूण ५४१ पीएस आणि आधीच्या जीटीएसपेक्षा वजन वाढलं ५० किलो. त्याच न्युर्बुर्गरिंगवर आधीच्या मॉडेलपेक्षा ८.७ सेकंद लवकर आली. टायर आणि बाकीच्या सुधारणांचाही वाटा आहे, मान्य. पण ५० किलोंत एवढं मिळत असेल तर मी घेतो.

म्हणून हायब्रिड-पेट्रोल अशी सरळ भिंत घालू नका. खरा प्रश्न, बॅटरी किती मोठी आणि कशासाठी. एक-दोन युनिटची बॅटरी इंजिनाच्या सेवेला असते. सात युनिटच्या बॅटरीचा मोठा वाटा सरकारी चाचणीच्या सेवेला असतो. युरोपात गाडीच्या कंपनीला तिच्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब द्यावा लागतो. २५-३० किलोमीटर नुसत्या विजेवर चालणारी गाडी त्या चाचणीत कागदावर फार स्वच्छ दिसते. म्हणूनच लॅम्बॉर्गिनीने २०२१ मध्येच सांगून टाकलं होतं की २०२४ अखेर सगळी मॉडेलं हायब्रिड करणार, आणि केली.

अनगोळ_९०००

‘चाचणीच्या सेवेला’, हेच तर म्हणतोय मी की! मर्सिडीजने सी६३ चं काय केलं? चार लिटरचा व्ही८ काढला, दोन लिटरचं चार सिलिंडर घातलं, मोटर जोडली. ६८० पीएस. कागदावर आधीपेक्षा जास्त. वजन २१०० किलोंच्या वर गेलं, आवाज गेला, आणि ज्यांच्यासाठी ती गाडी होती त्यांनीच पाठ फिरवली.

मच्छेकर

सी६३ ला मीही पाठिंबा देणार नाही. पण रेव्हुएल्टोमध्ये ६.५ लिटरचा विनाटर्बो व्ही१२ जिवंत आहे, ९२५० आरपीएमला ८२५ पीएस देतोय, तो तीन मोटरींच्या जिवावरच. मोटरी नसत्या तर तो व्ही१२ प्रदूषणाच्या नियमांत कधीच बाद झाला असता. कधी मोटर इंजिनाला मारते, कधी वाचवते.

शहापूरचा_कुंदा

डझनभर प्रतिसाद झाले, अजून भांडण नाही. ह्या संस्थळाला झालंय काय?

चिक्कोडी_२३

भांडण मी लावतो. इंजिन-मोटर राहू द्या बाजूला, पाटी कुठली लावणार ते सांगा.

मी गाड्यांच्या विम्याचं आणि आरटीओचं काम करतो. २९६ भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम ५.४० कोटी होती. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला आजीव कर १८ टक्के, वर सेस. म्हणजे केए-२३ ची (चिक्कोडी आरटीओची) पाटी लावायला कराचेच ९७ लाख, सेस निराळा. इथून कोगनोळीचा टोल ओलांडून कागलला गेलात की महाराष्ट्र. तिथं वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, पण वर झाकण आहे. आधी कमाल २० लाख होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती ३० लाख केली. म्हणजे एमएच-०९ ला (कोल्हापूरला) ३० लाख आणि केए-२३ ला कोटभर. नदीच्या अलीकडं-पलीकडं ६७ लाखांचा फरक.

लगेच ‘मेव्हण्याच्या पत्त्यावर कोल्हापूर पासिंग करतो’ म्हणून कुणी नाचू नये. मोटार वाहन कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. बेंगळुरात परराज्याच्या पाटीच्या महागड्या गाड्या परिवहनवाल्यांनी धरल्यात. फेरारी लपवून ठेवायची म्हटली तरी निपाणीत ठेवणार कुठं?

हायब्रिडला सवलत आहे का, हा प्रश्न येणारच. पूर्वी जीएसटीत थोडा फरक होता. हायब्रिडला सेससकट ४३ टक्के, मोठ्या पेट्रोल गाडीला ४८-५०. सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ४० वर. आणि सगळी गाडी परदेशातून बांधून येते म्हटल्यावर त्याआधीच आयात शुल्कात किंमत दुप्पट झालेली असते. थोडक्यात, सरकारला तुमची मोटर दिसत नाही, फक्त बिल दिसतं.

जांबोटी_जंगल

कागल का चिक्कोडी… चालला धागा सीमाप्रश्नावर. १९५६ पासून सुटंना झालाय, आता फेरारीवाले सोडवणार बहुतेक.

संपादक

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत. इथे चाकांवर राहू या.

तवंदीघाट

चाकाचंच विचारतो. पेट्रोलचं काय? आमच्या भागातल्या कारखान्यांचं इथेनॉल, हल्ली सगळ्या पंपावर २० टक्के. ऊस आम्ही घालायचा आणि तो फेरारीत जायचा, नाद खुळा. पण ह्या इंजिनांना सोसतंय का?

फिजिक्सबाई

लिटरला इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के कमी. त्याबदल्यात इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं आणि ते सिलिंडरमध्ये थंडावाही देतं, त्यामुळे जास्त दाबाच्या टर्बो इंजिनाला ते वाईट नाही, उलट ठोका (इंधन अवेळी पेटून येणारी ठकठक) कमी येतो. रबर, पाइप, सील त्यासाठी बनवलेले हवेत हे मात्र खरं.

खरा त्रास उभ्या गाडीला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. या गाड्या महिनोन्महिने गॅरेजात उभ्या असतात, त्यात आपला जून-जुलै.

मच्छेकर

आणि उभ्या गाडीत हायब्रिडला दुहेरी काळजी. पेट्रोल टाकीत बसून पाणी पितं आणि बॅटरी रिकामी होत जाते. लिथियम बॅटरी पार तळाला गेली की नुकसान कायमचं. मालकाने चार्जर लावून ठेवायचा असतो. आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त बॅटऱ्या पळवून नाही, उभ्या ठेवून मरतात.

उद्यमबागी (धागाकर्ता)

आता माझ्या दुकानाच्या बाजूने बोलतो.

मच्छेकरने ‘बॅटरी कशासाठी’ म्हटलं ते पटलं, टी-हायब्रिडचं तर फारच. टर्बोच्या दांड्यावर मोटर, काय डोकं आहे. पण तीस वर्षांनंतरचं सांगा. १९७० च्या दशकातली ९११ आजही सुरू होते. क्रँक झिजला तर अंडरसाइज ग्राइंड करा, जाडी बेअरिंगं घाला. व्हॉल्व्ह गाइड बदला, सीट कापा. ब्लॉक फुटला तर वेल्ड करणारे आहेत. उद्यमबागेत आणि पलीकडं कोल्हापूरजवळ शिरोलीला असे हात आहेत जे ड्रॉइंग न बघता भाग बनवून देतील. फेरारीचा कनेक्टिंग रॉड टेबलावर आणून ठेवला तर त्याची मापं घेऊन तसाच दुसरा उतरवणारा माणूस मी दाखवतो. धातू कुठला ते ओळखायला लॅब आहे, हीट ट्रीटमेंट आहे, सगळं पाच किलोमीटरच्या आत.

पण बॅटरीचा सेल मरतो तेव्हा मी काय करू? ती कंट्रोलरची पेटी उघडून काय बघू? मायक्रोमीटर लावायला तिथं काही नाहीच. ती गाडी फक्त कंपनीच्या लॅपटॉपशी बोलते. आणि कंपनीचा लॅपटॉप मुंबईला नाहीतर बेंगळुरूला. बेळगाव बरोबर मधोमध, दोन्हीकडं पाचशे किलोमीटरच्या आसपास. ‘मध्यवर्ती ठिकाण’ म्हणून जाहिरात करतात ना प्लॉटवाले, तसं.

मच्छेकर

मामा, हा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि कंपन्यांनाही तो कळलाय. फेरारीने २०२४ मध्ये हायब्रिडसाठी वाढीव वॉरंटीची योजना काढली, त्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देतात. म्हणजे कंपनीनेच मान्य केलं की बॅटरी ही टायरसारखी संपणारी वस्तू आहे. त्याचे पैसे मालकाने दरवर्षी भरायचे, तो भाग वेगळा. जुन्या बाजारात हायब्रिड फेरारींचे भाव लवकर उतरतात त्यामागे हीच भीती.

मात्र एक दुरुस्ती. ‘कुणी उघडू शकणार नाही’ हे आजचं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इंजेक्शनच्या इसीयूबद्दलही (इंजिनाच्या कंप्युटरबद्दल) हेच म्हणायचे, आज खडेबाजारात मोबाईलवाल्याच्या शेजारी इसीयू दुरुस्त करणारा बसतो. सेल बदलून पॅक पुन्हा बांधणारी पोरं पुण्यात तयार झालीत. सेल हा शेवटी बाजारात मिळणारा माल आहे. जीटी३ चा क्रँक बाजारात मिळत नाही, तो तुम्हाला घडवावा लागतो. तीस वर्षांनी कुठलं सोपं पडेल याची मी पैज लावणार नाही.

अनगोळ_९०००

सेल मिळेल, सॉफ्टवेअरची किल्ली कोण देणार? नवा पॅक लावला आणि गाडीने ओळखच दाखवली नाही तर?

मच्छेकर

ते मात्र खरं. तिथं माझ्याकडे उत्तर नाही.

जांबोटी_जंगल

सगळं झालं, चालवायला मजा कशात ते कुणी सांगतच नाही. मी दोन्ही चालवल्या नाहीत, पण भाड्याच्या गाड्या सगळ्या जातीच्या चालवल्यात. हायब्रिड सेडान घाटात चढाला फार गोड. पाय ठेवला की निघते, वाट बघायला लावत नाही. ब्रेकला मात्र पाय बसायला वेळ लागतोय. आधी मोटर धरते, मग खरे ब्रेक धरतात, मधी कायतरी बदलल्यासारखं वाटतंय. वळणाच्या तोंडाला हे असलं मला आवडत नाही.

फिजिक्सबाई

तो सांधा लपवण्यात आता बरीच प्रगती झाली आहे. पेडल आणि ब्रेक यांच्यात सरळ नळी नसतेच, मध्ये कंप्युटर वाटणी करतो. पण ज्याचा पाय घाटात घडलाय त्याला ते जाणवणारच.

शहापूरचा_कुंदा

मी मत देतो. रोजची गाडी: दोन्ही नको. रविवारी सकाळी वेंगुर्ला रोडला: जीटी३. लग्नाच्या वरातीत: रेव्हुएल्टो, विजेवर. बँडवाल्यांचा आवाज तरी ऐकू येईल.

तवंदीघाट

कुंदाराव, वरातीतल्या गाडीला हार घालायला बॉनेट लागतंय, त्या फळकुटावर हार थांबणार न्हाई.

एक कामाचं विचारतो. आमच्याजवळ हायवेला क्रेनवाले आहेत. सहापदरीकरणाच्या कामात वळणं-डायव्हर्जन आहेत, रोज एखादी गाडी अडकते. असली हायब्रिड बंद पडली तर ह्या पोरांनी करायचं काय? साध्या गाडीला पुढनं हुक घालून टोचन करून नेतात.

मच्छेकर

हे महत्त्वाचं, पोरांना नक्की सांगा.

टोचन करायचं नाही. ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे ती जमिनीवर फिरवली की मोटर जनरेटर होते, वीज तयार करायला लागते, आणि ती वीज जाणार कुठं? तार, कंट्रोलर जळतो. चारी चाकं वर, म्हणजे फ्लॅटबेडच (सपाट पाठीची गाडी). तीही लांब उताराची हवी, नाहीतर पुढचं नाक चढताना घासतं. बऱ्याच गाड्यांत नाक उचलायचं बटण असतं, पण बंद गाडीत ते चालेलच असं नाही. फळ्या टाकून उतार कमी करा.

गाडीखाली किंवा बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की हात मागं. त्या उच्च दाबाच्या. अपघातात त्या उघड्या पडल्या असतील तर क्रेनवाल्यानेच नाही, कुणीच हात लावू नये. गाडी बंद दिसते म्हणजे बंदच आहे असं नाही. आवाज येत नाही हे लक्षात ठेवा, चावी खिशात घेऊन मालकाला गाडीपासून लांब उभं करा. पाण्यातून काढलेली असेल तर शेडमध्ये दुसऱ्या गाडीला चिकटून उभी करू नका. ओली बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पेटू शकते.

तवंदीघाट

बरं झालं विचारलं. २०१९ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा शिरोलीच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती, आमच्यापर्यंत. तेव्हा असल्या गाड्या नव्हत्या. मच्छेकर, हे सगळं आठ-दहा ओळीत लिहून दे, क्रेनवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. मराठीत दे आणि जमलं तर कन्नडमध्येपण, निम्मी पोरं संकेश्वर-हुक्केरीची आहेत.

चिक्कोडी_२३

कन्नड मी करून देतो. मच्छेकर, मजकूर टाक.

उद्यमबागी (धागाकर्ता)

टाका, मीही उद्यमबागेच्या ग्रुपवर पाठवतो. भाच्याचा निरोप: ‘टी-हायब्रिडवर तडजोड करायला तयार आहे, पण मॅन्युअल मिळत नाही त्यात.’ मी म्हटलं, मग तडजोड कसली?